मागच्या गल्लीतल्या ऑर्किडवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

तुम्ही हे वाचाल तेव्हा तिकडे अमेरिकेत लेकीकडे सकाळ असेल, इथे मी सेकंड शिफ्ट करून सातपूरहून घरी आलोय, जेवलोय आणि झोप येत नाहीये. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पाणी घातलंस का" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं, मधे तोडता येणार नाही तुम्हाला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ३ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ८०० रुपये देऊन मी सिम्बिडियम ऑर्किडची कुंडी आणली (आई अजून ऐकवते की एवढ्यात गुलाबाची १० रोपं आली असती). विकणारा म्हणाला ऑर्किड आहे, नाजूक असतं, घरात ठेवा, ऊन लागू देऊ नका. ठेवलं घरात. २ वर्षं नुसती पानं, हिरवीगार, लांबच लांब, फुलाचा पत्ता नाही. मग कुठेतरी वाचलं की हे झाड सौम्य किनारी हवामानात बाहेर उघड्यावर मस्त येतं. आता किनारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येणार, अलिबाग! मग मी नाशकात अलिबाग बनवायला घेतलं, बाथरूमच्या खिडकीत कुंडी, वरून प्लास्टिकची पिशवी, दिवसातून दोनदा फवारा, गिझरची वाफ मिळते ती वेगळी.

तुम्ही त्या दिवशी आईची विळी परत द्यायला आला होता आणि हात धुवायला आत गेलात. बाहेर आलात ते हसतच, "अरे, त्याला रोज आंघोळ घालतोस का?"

नंतर चहा घेताना तुम्ही जे सांगितलंत ना काकू, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर २ वर्षं वाचली असती. तुमची लेक राहते तो कॅलिफोर्नियातला सांता बार्बराकडचा किनारा म्हणजे कोकण नव्हे. तिथला समुद्र थंड, पाय घातला तर ओरडायला होतं, सकाळी धुकं, मे-जूनमध्येसुद्धा तुम्ही शाल घेऊन फिरायला जाता. हिवाळ्यात रात्री पारा ७-८ अंशांपर्यंत उतरतो पण बर्फ नाही. अशा हवेत सिम्बिडियम बारा महिने अंगणात झाडाच्या विरळ सावलीत उभं असतं, कुणी लाड करत नाही, गवती चहासारखं माजतं. कारण या मोठ्या फुलांच्या संकरित जातींचे आजे-पणजे हिमालयातले, ब्रह्मदेशाच्या डोंगरातले, त्यांना दिवसा कोवळं ऊन आणि रात्री गारवा लागतो. आपल्या सह्याद्रीत झाडांवर लोंबत्या फुलांचं सिम्बिडियम अलॉइफोलियम असतं ते उकाडा सोसतं, हे नाही सोसत. अलिबागला पानं येतील पण रात्री गार होत नाहीत म्हणून फुलाचा दांडा निघणार नाही. आणि मग तुमचं ते वाक्य: "दिवाळीनंतर नाशकात ज्या रात्री आपण गोधडी काढतो ना, त्या रात्रींची ते वाट बघतंय, आणि तू त्याला गिझरजवळ बसवलंयस."

मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला की माझा मामा द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्रभर जागतो, आणि इथे मी त्याच थंडीची वाट बघायची!

मग कुंडी उलटी केली. ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. माती आणि कोकोपीट मिळून चिखल झालेला, मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. चांगलं मूळ पांढरं, जाड आणि टणक असतं हे तुम्ही दाखवलंत, तशी आमच्या झाडाला जेमतेम सात-आठ होती. तुम्ही गॅसवर सुरी तापवून घेतलीत, सडलेलं सगळं कापलंत, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे (आठवडाभर भिजवून, पाणी बदलून बदलून, नाहीतर त्यातले क्षार मुळांना जाळतात), कोळसा आणि विटेचे खडे यात ते बसवलंत. आई म्हणाली, यात माती कुठंय? तुम्ही म्हणालात, "मातीच नकोय त्याला, हवा हवीय."

जागा बदलली, पूर्वेची गच्ची, वर ५० टक्क्यांची शेडनेट. १०-११ पर्यंत ऊन, नंतर सावली. महिन्या-दीड महिन्यात पानांचा रंग उतरला आणि मी घाबरून तुम्हाला फोटो पाठवला, तर तुमचं उत्तर, "पोपटीच हवं, काळंहिरवं पान म्हणजे उन्हाला उपाशी झाड." उन्हाळा मात्र कठीण गेला, इथे ४० ला टेकतो पारा, तेव्हा उत्तरेच्या भिंतीला, खाली ओलं गोणपाट, संध्याकाळी पाणी. बोअरच्या पाण्यानं टोकं करपायला लागली म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं. खत मामाकडचंच, द्राक्षाचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, पावसाळाभर, कारण एक कंद एकदाच फुलतो, म्हणजे नवा कंद जाडजूड झाला तरच पुढचं काही. गणपतीनंतर ०:५२:३४, म्हणजे नत्र अजिबात नाही. मामा म्हणाला, कुंडीला ड्रिपपण करू का.

आणि मग नोव्हेंबर. रात्री १२-१३ अंश, आई दोनदा कुंडी आत घेऊन आली, "गारठेल रे ते", मी दोनदा बाहेर ठेवली. एका सकाळी कंदाच्या बुडाशी एक टोक दिसलं. मला वाटलं नवा फुटवा. तुम्ही गच्चीत आलात, मला डोळे मिटायला लावलेत आणि माझा अंगठा आणि बोट धरून ते टोक हलकेच दाबायला लावलंत. आधी शेजारचा फुटवा, चपटा. मग हे. गोल, पेन्सिलीसारखं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मीच म्हणालो, "काकू, दांडा!" सकाळचे ७ वाजले होते आणि शेजारचे काका खिडकी उघडून बघायला लागले.

एक कबुली द्यायचीय, तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं बायकांना दाखवायला म्हणून कुंडी हॉलमध्ये आणली, कळ्या होत्या तेव्हा, दिवसभर माणसांची गर्दी, बंद खिडक्या, उदबत्ती. चार दिवसांत ३ कळ्या पिवळ्या पडून गळल्या. आई इतकी हिरमुसली की मी तिला काही बोललो नाही. तुम्हीपण बोलू नका प्लीज.

तरी ११ उमलल्या, फेब्रुवारीत. पिवळसर हिरव्या, ओठावर, म्हणजे खालच्या वेगळ्या पाकळीवर, तपकिरी-लाल ठिपके. नाव ग्रीकमधल्या होडीवरून पडलंय, १७९९ साली स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झनी ठेवलं, हे तुम्ही सांगितलेलं तेव्हा मी नुसतं हं हं केलं होतं, पण फूल उमलल्यावर तो ओठ बघितला आणि खरंच, गोदाघाटावर हलणारी छोटी होडीच की. दीड महिना टिकली फुलं, मार्चच्या उन्हानं उतरली.

तुम्ही तोवर लेकीकडे गेला होतात, प्रत्यक्ष बघायची राहिली हीच काय ती हुरहूर. फोटोत काय कळतंय.

फुलं उतरल्यावर तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगितलंत तसं झाड सोडवलं, सुरी तापवून, हात थरथरत होता. ३ कंदांचा एक तुकडा ६ इंची कुंडीत लावलाय आणि तुमच्या गेटच्या आत, जिन्याखाली, जिथे दुपारचं ऊन येत नाही तिथे ठेवलाय. किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे, ड्युटीला जाताना मी पाणी घालून जातो. नवं मूळ निघालंय, पांढरं.