सही न करण्यालाही मुदत हवी

महोदय,

नातू नववीत आहे. शाळेने प्रकल्प दिलाय : २१५० साली एक नवे प्रजासत्ताक स्थापन झाले असे समजून त्याची घटना लिहा. गड्याने राष्ट्रपतींचे कलम झटक्यात उरकले. 'विधेयक आल्यावर २४ तासांत सही करावी, न केल्यास ती आपोआप झाली असे समजावे.' सूनबाईंना हे फार पसंत पडले. मला नाही, आणि त्याचे कारण १९८६ सालात आहे.

तेव्हा मी टपाल खात्यात सॉर्टिंगला होतो. आंतरदेशीय पत्रांचे गठ्ठे यायचे. काही भाताच्या शिताने चिकटवलेली. शीत वाळून पत्र उघडे पडले, तरी आत डोकवायचे नाही, गोंद लावून पुढच्या खणात टाकायचे. त्याच वर्षी पत्रे अडवण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, संमती नाकारलीही नाही, परतही धाडले नाही. नुसते ठेवून दिले. अखेर २००२ मध्ये ते मागे घेतले गेले.

"मग परत का नाही पाठवलं?" नातवाने विचारले. कारण आपल्या राज्यघटनेचे कलम १११. परत आलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले, की राष्ट्रपतींना संमती रोखता येत नाही. राजीव गांधींकडे लोकसभेत चारशेवर खासदार होते. विधेयक आल्या पावली पुन्हा राष्ट्रपती भवनात पोचले असते. मात्र सही किती दिवसांत करायची, हे त्या कलमात कुठेच नाही. झैलसिंगांनी नेमकी ती फट वापरली. नातवाचा २४ तासांचा नियम असता तर दुसऱ्या दिवशी कायदा झाला असता.

तरीही ही फट मला नको आहे. त्या वेळी ती पत्रांच्या कामी आली. उद्या एखादा चांगला कायदा तिच्यात गडप होईल आणि का, हे कुणाला कळणारही नाही. शिवाय भरवसा एका माणसाच्या स्वभावावर. डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कायदा संसदेत मंजूर झाला. टपाल अडवण्याचा अधिकार त्यात आहेच, आणि राष्ट्रपतींची सही त्याच महिन्यात झाली.

म्हणून आम्ही दोघांनी कलम खोडून पुन्हा लिहिले. राष्ट्रपतींना सहा महिने. तेवढ्यात सही करावी, नाहीतर कारणे लिहून विधेयक परत पाठवावे, आणि ती कारणे दुसऱ्या दिवशी छापून यावीत. परत आलेले विधेयक त्याच सभागृहाने लगेच पुन्हा मंजूर करायचे नाही. मधे एक निवडणूक व्हावी. सरकारे खोळंबतील, हे सूनबाईंचे म्हणणे खरे आहे. खोळंबू देत.

'पण युद्ध झालं तर?' असे नातवाने समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. प्रकल्प सोमवारी द्यायचा आहे. वाचकांपैकी कुणाला उत्तर सुचल्यास त्याआधी कळवावे.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा