पावसाळ्याआधीच्या आगोटीच्या यादीत यंदा दोन डबे

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "आकडे तोंडी सांगू नकोस, लिहून पाठव, मी सावकाश बघतो." म्हणून हे पत्र. आई, तूही वाच. पॉवर स्टेशन, म्हणजे लाइट गेली की वीज देणारा, उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, कुठलं घ्यायचं ते बाबा ठरवणार असले तरी माजघरातून ओटीवर ते न्यायचं तुलाच आहे. हर्नियाच्या ऑपरेशननंतर बाबांनी काही उचलायचं नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय.

आधी बाबांनी पाठवलेली जाहिरात. "2,00,000 एमएएच" (मिलिॲम्पिअर-अवर) असं ठळक छापलंय, त्याला भुलू नका. हा आकडा आतल्या एका सेलच्या व्होल्टेजवर धरलेला असतो, आणि ते असतं 3.2 किंवा 3.7. गुणून हजाराने भागा, म्हणजे खरा साठा कळेल. दोन लाखांचे झाले 640 किंवा 740 वॅट-अवर. हजार वॅट-अवर म्हणजे आपल्या लाइटबिलावरचं एक युनिट. म्हणजे इतका गाजावाजा करून डब्यात पाऊण युनिटसुद्धा धड नाही! आणि युनिटभर वीज साठवणारा बरा डबा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या वर सहज जातात. त्यामुळे त्यातल्या विजेचा हिशेब मीठमसाल्यासारखा अंदाजाने करून चालणार नाही.

दुसरा आकडा वॅटचा. वॅट-अवर म्हणजे विहिरीत पाणी किती, आणि वॅट म्हणजे एका खेपेला केवढी कळशी भरून निघते. त्याच जाहिरातीत "1200 वॅट" लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात "पीक", म्हणजे क्षणभर. आपल्याला सलग किती वॅट मिळतील तो आकडा हवा. दुकानदाराला तोच विचारा.

आता तुमच्या मोटरीचं. विहिरीवरची एक एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास खाते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. ती ज्या डब्यावर निघेल तो तुम्हा दोघांना मिळूनही हलायचा नाही, आणि किंमत विचारायलाच नको. पाऊस-वाऱ्याची बातमी आली की वरची टाकी भरून ठेवायची, एवढाच त्यावर उपाय. रहाट अजून शाबूत आहे ना?

तुम्ही विचारलंत की घरात इन्व्हर्टर असताना हे कशाला. बरोबर विचारलंत. दोन-चार तास लाइट जाते त्यासाठी इन्व्हर्टरच उत्तम, तो काढू नका. त्याची बॅटरी बारा व्होल्ट, 150 ॲम्पिअर-अवरची, म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर होतात. बॅटरी जुनी आहे, आणि शिशाची बॅटरी वरचेवर अगदी तळाला नेली की लवकर मरते, म्हणून त्यातले निम्मेच आपले धरा. पण त्याची खरी अडचण वेगळी आहे. ती बॅटरी पन्नास किलोच्या पुढची, भिंतीला वायरने बांधलेली, आणि रिकामी झाली की भरायला आठ-दहा तास लाइट लागते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा काय झालं ते आठवा. पोल आडवे झाले, आपल्या दापोली-मंडणगडच्या बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती, इन्व्हर्टरने मान टाकली, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या आणि मला इकडे पुण्यात तुमचा आवाजसुद्धा ऐकू येईना. त्या दिवसांत उपयोग झाला असता तो जिथे वीज आहे तिथे नेऊन भरून आणता येईल अशा गोष्टीचा. पॉवर स्टेशनचं सगळं मोल त्याच्या उचलता येण्यात आहे. उचलता येणार नसेल तर दुसरा इन्व्हर्टर घेतलेला बरा, स्वस्तात पडेल.

म्हणून मी वजनापासून सुरुवात केली. हजार वॅट-अवरचा डबा बारा किलोच्या आसपास असतो, दोन हजारांचा वीस-पंचवीस किलो. आई, तू म्हणशील, "हंडा उचलते की मी अजून." उचलतेस, आणि मग दोन दिवस गुडघ्याला तेल चोळत बसतेस, तेही फोनवर ऐकू येतं मला.

रात्रीचा हिशेब असा. बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं): पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर तीस वॅट धरा, आठ तासांचे 240. पंखा 35 वॅटचा, दहा तासांचे 350. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास, 90. दोघांचे मोबाइल मिळून 40. बेरीज 720. डब्यावर लिहिलेलं सगळं आपल्या हातात येत नाही, बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करण्यात दहा-पंधरा टक्के जातात. म्हणजे हजाराच्या डब्यातून साधारण 850 मिळतात. एक रात्र निघते, दुसरी नाही. मशीनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याचा फोटो पाठवा, म्हणजे माझे तीस बरोबर की चूक ते कळेल.

पंखा 35 वॅटचा म्हटलं तो तुमच्याकडे नाही. माजघरातला जुना पंखा 75 वॅट खातो. त्या डब्यावर तो एकटाच रात्रभर चालेल, बाकी काही नाही. शिवाय तो छताला, घराच्या वायरिंगवर. डब्याला असतात सॉकेट, त्यामुळे ज्याला पिन आहे तीच वस्तू त्यावर चालणार. तेव्हा डब्याच्या आधी एक बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा उभा पंखा घ्या. तीन नंबरवर ठेवलात तर 35 च्या निम्म्यानेही भागतं. सगळ्या खरेदीत पैशाला जागणारी वस्तू हीच आहे, असं माझं मत.

आणि बाबा, हे हात जोडून सांगते. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून डब्याची वीज घराच्या बोर्डात सोडायची नाही. जनरेटरला असं केलेलं मी गावात पाहिलंय. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि वर पोलवर वायरमन लाइट नाही असं समजून हात घालतो. तुम्ही करणार नाही हे माहीत आहे, पण मदतीला येणारा एखादा हुशार पोरगा करून ठेवायचा.

फ्रिजसाठी आईचा जीव तुटतो, म्हणून त्याचंही सांगते. आपला छोटा फ्रिज दिवसाला अर्धं-पाऊण युनिट घेतो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका बसतो तो लहान डब्याला झेपत नाही. फक्त फ्रिजसाठी दुप्पट वजनाचा डबा घ्यावा लागतो. दार न उघडता ठेवलास तर चार तास तो आपला आपण गार राहतो. आणि जून-जुलैत मासेमारी बंदच असते, तेव्हा तुझ्या फ्रिजमध्ये असतं काय? नारळाचा चव, आंबोळ्यांचं पीठ आणि दादाने आणलेलं चीज, जे कोणी खात नाही. सुकट-बोंबलाला फ्रिज लागत नाही. फ्रिजचा नाद सोड.

हे सगळं जमेला धरून मला वाटतं, हजार वॅट-अवरचा एक न घेता पाचशेचे दोन घ्यावेत. प्रत्येकी सहा-सात किलो. एकावर पंखा, दुसऱ्यावर सीपॅप, दिवे, मोबाइल. 425 च्या आसपास प्रत्येकातून मिळतील, त्यात दोन्ही बाजू बसतात. एक संपला की तो रिक्षात टाकून तालुक्याला पाठवता येतो, दुसरा घरात राहतो. एक बिघडला तर घर अंधारात नाही. दोनाची किंमत एकापेक्षा थोडी जास्त होईल, तेवढं मी घालते.

यात आमचा स्वार्थही आहे, लपवत नाही. थंडीत आम्ही भंडारदऱ्याला तंबूत राहायला जातो तेव्हा एक डबा तुमच्याकडून मागून नेऊ. सध्या मित्राचा तीनशे वॅट-अवरचा असतो. दिव्यांच्या माळा, फोन, पोरांचा छोटा स्पीकर एवढ्याला तो रात्रभर पुरून उरतो. सकाळी मात्र कुणाला तरी चहाची घाई होते आणि इलेक्ट्रिक किटली लागते. किटली दीड हजार वॅटची. डबा एकदा टूँ करतो, पडद्यावर लाल खूण येते आणि सगळं बंद. मग सगळे निमूटपणे गॅसकडे वळतात. तापवणारी कुठलीही वस्तू याची वैरी: किटली, इस्त्री, शेगडी, गिझर. तिथेच दुसरं एक पाहिलं. सॉकेटचं बटण रात्रभर चालू राहिलं, त्याला काही लावलेलं नव्हतं, तरी सकाळी चार्ज चांगलाच उतरलेला. आतलं यंत्र नुसतं जागं राहायलाही दहा-पंधरा वॅट खातं. म्हणून मोबाइल यूएसबीच्या भोकातून लावायचे आणि सॉकेटचं बटण काम नसेल तेव्हा बंद.

घेताना बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, दुकानात एलएफपी म्हणतात. दुसऱ्या जातीची हलकी असते, पण लवकर म्हातारी होते आणि तापली तर जास्त धोक्याची. एलएफपी तीन हजार वेळा भरून-रिकामी केली तरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते. आपल्या वापराला ती कितीतरी वर्षं पुरेल. वीज "प्युअर साइन वेव्ह", म्हणजे घरच्या लाइनसारखी हवी, नाहीतर पंखा घूं घूं करतो आणि सीपॅप कुरकुरतं. भरायला किती वेळ लागतो तेही विचारा. चांगला असेल तर पाचशेचा डबा दीड-दोन तासांत भरतो. आपल्याकडे लाइट येते आणि तासा-दीड तासात परत जाते, तिथे ही गोष्ट मला सोलर पॅनेलपेक्षा महत्त्वाची वाटते.

पॅनेलचं म्हणाल तर घडीचं शंभर वॅटचं एक पुरे, आणि त्याच्याकडून फार आशा नको. स्वच्छ उन्हात साठ-सत्तर वॅट मिळतात. श्रावणातल्या ढगांखाली किती मिळणार ते तुम्हीच समजा. ते खळ्यात मांडायचं, आगरात नाही. माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी वीज एकदम घसरते. गाडीच्या सॉकेटवरूनही डबा भरतो, शंभरेक वॅटने, म्हणजे पाच-सहा तास. शेजारचे काका दापोलीला जातात तेव्हा त्यांच्या गाडीत ठेवून द्यायला हरकत नाही.

दादा म्हणतोय, अमेरिकेत सेल लागलाय, दिवाळीला येताना घेऊन येतो. त्याला मीच सांगितलं, नको. विमानात शंभर वॅट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, 160 पर्यंत कंपनीच्या परवानगीने. पाचशेची कोणी चढवूच देणार नाही. आणि तिकडच्या डब्यातून 120 व्होल्ट निघतात, आपल्याला हवेत 230. बिघडला तर दुरुस्तीला पाठवणार कुठे? लिथियमची बॅटरी पार्सलने पाठवतानाही कुरिअरवाले शंभर प्रश्न विचारतात. म्हणून पुण्यात ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे असाच मी बघतेय.

ठेवायचं कसं ते आईसाठी. जमिनीवर नको, फळीवर ठेव. चुलीजवळ नको, खिडकीच्या उन्हात नको. आणि त्यावर तुझं क्रोशाचं आवरण अजिबात नको. टीव्हीला शोभतं, पण याच्या बाजूच्या जाळीतून वारा जावा लागतो. पावसाळा संपला की पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता निम्म्यावर आणून ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघ. तेवढ्यात आम्ही न्यायला येऊच.

मे संपायच्या आत, तू आगोटीच्या बरण्या भरायला काढशील त्याच सुमारास, आम्ही दोन्ही डबे घेऊन येतो. पंखा मात्र तुम्ही तिकडेच घ्या, एसटीत तो पकडून बसणं माझ्याच्याने होणार नाही. एक रात्र मेन स्विच मुद्दाम बंद करून सगळं चालवून बघू. बाबा, त्या रात्री पेन-कागद घेऊन तुम्हीच बसा, दर तासाला किती टक्के उतरले ते लिहायला. माझ्या बेरजेत कुठे खोट असेल तर तिथे सापडेल.

तुमची,
मनू

ता. क. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कधी बघितलं होतं? डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको. आणि सीपॅपच्या पट्टीचा फोटो विसरू नका.