पंप माझ्या हातात देणाऱ्या मेस्तबाबांना

मेस्तबाब, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. दारात गर्दी नको, असं तुम्हीच बजावलं आहे. गोव्यातल्या बेती ते सिकेरी पट्ट्यात जेट स्की सांभाळणाऱ्यांना तुम्ही कोणते मेस्त, म्हणजे मेकॅनिक, ते तसंही कळेल.

तुमच्याआधी ज्यांनी आमच्या जेट स्कीच्या इंजिनाला हात लावला त्यांच्याबद्दल थोडं बोलतो, कारण राग अजून गेलेला नाही. मशीन यामाहाचं, ७०१ सीसीचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ८१ मि.मी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. पुढचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने खरवडून जाम झाला. एका नावाजलेल्या गॅरेजने हाफ इंजिन केलं, म्हणजे पिस्टन, रिंग आणि हेड गॅस्केट नवीन टाकून बिल हातात ठेवलं. सिलिंडरखालची क्रँकशाफ्टची पेटी, म्हणजे क्रँककेस, उघडलीच नाही. सीझ झालेल्या पिस्टनचा ॲल्युमिनियमचा चुरा खाली बेअरिंगमध्ये उतरतो, तो धुवायचीही तसदी घेतली नाही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो असं सांगितलं, तर आयडलचा स्क्रू ढिला करून दिला. मग तोच पिस्टन पुन्हा गेला. कारण काय, तर म्हणे ‘पेट्रोल खराब’. टाकी एक, पेट्रोल एक, मग ते पुढच्याच सिलिंडरला कसं बाधलं? यावर ‘खाऱ्या पाण्यातलं मशीन, चालायचंच’ हे उत्तर. दुसऱ्या एका ठिकाणी तर झाकण न उघडताच नवीन इंजिन घ्यायचा सल्ला मिळाला.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘दोन्ही वेळा तोच सिलिंडर?’ तिथेच निम्मं काम झालं. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरखालची केस स्वतंत्र असते. एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा जळतो, तेव्हा दोष त्या एकट्याच्या वाटेवर कुठेतरी असतो. त्याचा कार्बोरेटर, त्याची तेलाची नळी, त्याच्या बाजूचं सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती हवा अडवून धरणारं रबर. तुम्ही याच क्रमाने गेलात. कार्बोरेटरच्या आतली जाळी स्वच्छ निघाली. तेलाची नळी मोकळी होती. राहिलं सील.

इंजिनाची प्रेशर टेस्ट, म्हणजे आत हवा भरून गळती शोधणं, मोठ्या वर्कशॉपांतही क्वचितच होते. तुम्ही ती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर केली. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं बंद केली, प्लग घट्ट बसवले आणि फ्युएल पंपाकडे जाणाऱ्या पल्सच्या नळीतून हवा भरायची सोय केली. मग गेज लावलेला हातपंप माझ्या हातात दिलात. म्हणालात, ‘तुम्हीच मारा, सातच्या वर नको.’ सहा ते आठ पीएसआय एवढा दाब पुरे, जास्त भरलं तर चांगली सीलंही उपटतात. चांगलं इंजिन मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त सोडत नाही. तुम्ही मोबाइलवर मिनिट लावलंत आणि मी काट्याकडे बघत राहिलो. मिनिट संपायच्या आत काटा शून्यावर. फ्लायव्हील उतरवून तुम्ही साबणाच्या पाण्याचा ब्रश क्रँकशाफ्टभोवती फिरवलात आणि ‘हांगा पळयात’ (इथे बघा) म्हणून टॉर्च धरलात. सीलच्या ओठापाशी वाटाण्याएवढा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता.

मेस्तबाब, मला आभार मानायचे आहेत ते त्या पंपाचे. स्वतः पंप मारून ‘सील गेलंय’ एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. आम्हाला काय कळणार होतं! गिऱ्हाइकाच्या हातात गेज द्यायचा म्हणजे आपण चुकलो तर तेही त्यालाच आधी दिसणार. तरीही दिलात. इतके दिवस सगळीकडून नुसती मतं ऐकत होतो, तिथे पहिल्यांदा एक आकडा डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे चांगला कारागीर म्हणजे ज्याच्या हाताला गुण आहे तो. गुण असलेले पुष्कळ असतात, पण आपलं काम गिऱ्हाइकासमोर उघडं ठेवणारे फार थोडे. गोड बोलणाऱ्यांचा तर या धंद्यात सुकाळ आहे.

सील गेलं का, हेही तुम्ही सोडलं नाहीत. फ्लायव्हीलच्या कव्हरची ओ-रिंग चपटी झाली होती, तिथून खारं पाणी आत झिरपत होतं. सील बसतं त्या खाचेत तांबूस डाग, आणि सीलच्या ओठाला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक स्प्रिंग गंजून तुटलेली. पिस्टन वर गेला की खाली केसमध्ये पोकळी होते आणि ती या सीलमधून फुकटची हवा ओढते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. थ्रॉटल सोडल्यावर न उतरणारं आरपीएम हेच ओरडून सांगत होतं. एका साध्या रबरी कड्याने दोन पिस्टन खाल्ले. कव्हर उघडाल तेव्हा ओ-रिंग नवीन टाका आणि तिला मरीन ग्रीस लावा, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

पुढचं काम पुस्तकाबरहुकूम झालं, सगळं लिहीत बसत नाही. पण लेथवाल्याला तुम्ही दिलेली ताकीद लिहायलाच हवी, ‘पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही.’ पिस्टन डोक्याशी लहान आणि खाली स्कर्टपाशी मोठा असतो. माप स्कर्टचं घ्यायचं आणि बोअर त्या पिस्टनसाठीच कापायचा. दोन्ही सिलिंडर ८१.५० मि.मी.ला नेले, एक नवा एक जुना असं ठेवलं नाही. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा घासून मोडल्या, नाहीतर रिंग तिथे अडकते. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने फट मोजली. या बोअरला ०.३ मि.मी.च्या आसपास पाहिजे. क्रँक व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावला, वाकडेपणा ०.०५ मि.मी.च्या आत होता म्हणून तो वाचला. सील दोन्ही टोकांची बदलली. केसच्या जोडाला गॅस्केट नसतं, सीलंटचा पातळ थर दिला. पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नवीन. आणि सगळं बंद झाल्यावर पुन्हा तोच पंप, पुन्हा माझ्याच हातात. या वेळी काटा जागचा हलला नाही.

जाताना दिलेल्या सूचना मशीनच्या सीटखाली चिकटवल्या आहेत. तेलाच्या पंपातली हवा काढली असली तरी पहिल्या टाकीत लिटरला २० मि.ली. टीसी-डब्ल्यू-३ (बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल वेगळं घालायचं. पहिली टाकी पूर्ण थ्रॉटल नाही, पण एकाच आरपीएमवरही रेंगाळायचं नाही. किनाऱ्यावर धुताना आधी इंजिन चालू, मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमध्ये जातं. धुवायचं पाणी न लावता १५ सेकंदांच्या वर चालवायचं नाही. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलही तुम्ही आधीच सावध केलंत. इथेनॉलमुळे मिश्रण आणखी पातळ होतं, ते ओलावा ओढतं आणि जुन्या नळ्या मऊ करतं. म्हणून कार्बोरेटरचं जेटिंग जरा जाड ठेवलं, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त, नळ्या बदलल्या, आणि पावसाळ्यात टाकी भरून ठेवायची नाही.

प्लगचा रंग बघायला यायचं ठरलं होतं. कालच काढून पाहिले, दोन्ही सारखे, दुधाच्या चहासारखे. फोटो पाठवला आहे.

मजुरीत तुम्ही स्वतःहून जी सूट दिलीत ती आम्हाला मान्य नाही. उरलेले पैसे लेथवाल्याकडे ठेवले आहेत, ते मुकाट्याने घ्या. दुसऱ्या मशीनचंही आरपीएम अलीकडे उशिरा उतरतं. जूनमध्ये सीझन बंद झाला की घेऊन येतो, दोन सील आणि एक ओ-रिंग आधीच मागवून ठेवा.

तुमचा,
मांडवीकाठचा एक जेट स्कीवाला