विषय: परदेशातल्या खरेदीवर न दाखवता कापलेला फॉरेक्स मार्कअप (परकी चलन रुपयांत बदलण्याची फी) परत करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

नमस्कार,

मी तुमचं कार्ड बरीच वर्षं वापरतोय, बिल कधी एक दिवसही उशिरा भरलेलं नाही. मे महिन्यात आम्ही कुटुंबासह व्हिएन्नाला गेलो होतो, तिथला बहुतेक खर्च याच कार्डावर केला. स्टेटमेंट आल्यावर जे बघितलं त्यावरून हे पत्र लिहितोय.

एकच एंट्री सांगतो. १८० युरोचा कोट घेतला. त्या दिवशी कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कंपनीच्या) साइटवर युरोचा दर ९६ रुपये होता म्हणजे १७,२८० व्हायला हवे होते, पण स्टेटमेंटवर १७,८८४.८० आहेत आणि त्याच्याखाली नुसतं "जीएसटी १०८.८६". आता हा जीएसटी कशावर? मी उलटा हिशोब केला, १८ टक्क्यांनी १०८.८६ होतात म्हणजे फी ६०४.८० रुपये, म्हणजेच साडेतीन टक्के, आणि ती फी तुम्ही कोटाच्या किमतीतच मिसळून टाकलीय. फीवरचा टॅक्स दाखवता आणि फी मात्र दाखवत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. टॅक्स धरून हे ४.१३ टक्के होतात, लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. पगारदार माणसाला ही रक्कम लहान नाही हो.

कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, सर हे एमआयटीसीमध्ये, म्हणजे कार्डाच्या महत्त्वाच्या अटी-शर्तींच्या कागदात, दिलेलं आहे. असेल, मी नाही म्हणत नाही. पण कार्ड परदेशात चालायला आधी ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात ना, मी ते केले, तिथे तुम्ही लिमिट विचारलं, ओटीपी घेतला, परदेशी खर्चावर दुप्पट पॉइंट मिळतील हेही मोठ्या अक्षरात दाखवलं, मग त्याच स्क्रीनवर "प्रत्येक खर्चावर ३.५% अधिक जीएसटी" एवढी एक ओळ लिहायला काय हरकत होती? तेव्हाच कळलं असतं तर मी आधीच युरो भरून नेता येणारं, कमी मार्कअपचं फॉरेक्स कार्ड नेलं असतं. कार्ड देताना स्पष्ट न सांगितलेला चार्ज ग्राहकाच्या संमतीशिवाय लावू नये असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगितलेलं आहे, आणि बारीक टाइपातल्या पानांच्या गठ्ठ्यात कुठेतरी असणं म्हणजे स्पष्ट सांगणं असं मी तरी मानत नाही.

दुसरी गोष्ट हॉटेलच्या बिलाची. रिसेप्शनवरच्या माणसाने मला न विचारता मशीनवर युरोऐवजी रुपयांत पैसे घ्यायचा पर्याय निवडला आणि ४१,२०० रुपयांची स्लिप हातात दिली. दर त्यांनी लावला, त्यांचा मार्कअप त्यातच आला, तो वाद हॉटेलशी आहे आणि त्यांना मी वेगळं लिहिलंय. पण तुमच्याकडे तर रक्कम रुपयांतच आली, तुम्ही काहीच कन्व्हर्ट केलं नाही, तरी एक टक्का म्हणजे ४१२ आणि वर ७४.१६ जीएसटी असे ४८६.१६ कापलेत. हे कुठल्या कामाचे पैसे? युरोपात असं कन्व्हर्जन करताना युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त लावतोय ते मशीनवर किंवा काउंटरवर दाखवायचा नियम आहे, आणि आपली स्वतःची बँक आपल्याला आकडा दाखवत नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

रद्द केलेल्या ट्रेन तिकिटाचा रिफंडही आला, पण त्यावर कापलेला मार्कअप काही परत आला नाही, तोही बघा.

माझं म्हणणं एवढंच की या सहलीच्या प्रत्येक व्यवहारात मूळ रक्कम, लावलेला दर, मार्कअप आणि जीएसटी वेगवेगळं दाखवणारं स्टेटमेंट मला लेखी द्या, हॉटेलवरचे ४८६.१६ आणि तिकिटावरचा मार्कअप टॅक्ससकट परत जमा करा, बाकीच्या मार्कअपचाही विचार करा, आणि ॲपच्या त्या स्क्रीनवर फीचा आकडा टाका, म्हणजे पुढे जाणाऱ्या माणसाला आधीच कळेल. पॉइंट वगैरे देऊन मिटवू नका, मला पॉइंट नकोत.

स्टेटमेंट, हॉटेलची स्लिप आणि तिकिटाची रिफंड पावती सोबत जोडलीय. ३० दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर हीच कागदपत्रं घेऊन मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहे.

आपला,
एक कार्डधारक, ठाणे