अनामिक मदतनीसांचे आभार

पतीच्या ब्लू कार्डाला (उच्चकुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघातील राहण्याचा व कामाचा परवाना) 12 महिने झाल्यावर युरोपीय संघातील दुसऱ्या देशात जाण्याची जी मुभा मिळते, तिच्या आधारे आम्ही पोलंडहून जर्मनीत आलो. घरात राहायला आल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, हे जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी सांगितले. इतकेच नव्हे, तर टपालपेटीवर आमचे आडनाव त्यांनी स्वतः चिकटवले, कारण एरवी करक्रमांकाचे पत्र परत गेले असते. ग्रंथालयात माझा नोकरीचा अर्ज ओळ न् ओळ तपासून देणारे गृहस्थ आणि मुलाखतीत माझे अडखळते जर्मन (ते खरोखरच कच्चे होते) शांतपणे ऐकून घेणाऱ्या बाई यांच्यामुळे पहिली नोकरी मिळाली. आपणा सर्वांची मी मनःपूर्वक आभारी आहे.