ग्वाल्हेर–ललितपूर युवा संगीत देवाणघेवाण : निधी आणि सहा घरे हवी आहेत

ग्वाल्हेरकर रसिकहो,

सप्रेम नमस्कार.

येत्या डिसेंबरात नेपाळमधल्या, काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरच्या एका संगीत शाळेचे १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक आपल्या शहरात ८ रात्री राहायला येणार आहेत. पुढच्या मे महिन्यात आपले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक तितकेच दिवस तिकडे जातील. मुले १५ ते २१ वयाची, निम्म्या मुली. या दोन्ही फेऱ्यांचा एकूण खर्च २,७०,००० रुपये आहे आणि त्यातले १,९०,००० रुपये आपल्याकडून उभे राहावेत, यासाठी मराठी मंडळाचे हे आवाहन. पैशाइतकीच गरज लष्कर–बाडा परिसरातल्या सहा घरांची आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दोन्ही फेऱ्यांचे पैसे एकदमच का मागतो, हे आधी सांगायला हवे. असे उपक्रम बहुधा दुसऱ्या फेरीला मोडतात. पाहुणे येतात, हार-तुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि त्यातच उत्साह व पैसा दोन्ही संपतात. परतीच्या फेरीला नव्याने वर्गणी मागावी लागते, तोवर परीक्षा येतात, तिकिटे महागतात आणि 'पुढच्या वर्षी बघू' यावर विषय मिटतो. एकाच बाजूने झालेली फेरी ही सहल असते. म्हणून परतीच्या फेरीची रक्कम कागदावर पूर्ण दिसल्याशिवाय आम्ही पहिल्या फेरीचे निमंत्रणपत्रही पाठवणार नाही.

युरोपात या कामाला सरकारी पैशाची पक्की व्यवस्था आहे. पाऊणशे वर्षांत तीनदा एकमेकांशी लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने १९६३च्या करारातून संयुक्त युवा कार्यालय काढले. १९९१मध्ये जर्मनी-पोलंडने तसेच केले. चेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकिया यांचा व्हिशेग्राद निधी २००० सालापासून ब्रातिस्लाव्हातून चालतो. चारही देश त्यात समान वर्गणी घालतात. मोठ्या देशाने जास्त भरून मोठेपणा घ्यायचा नाही, हे त्यातले शहाणपण. आपल्याकडे दक्षिण आशियाई देशांची संघटना सार्क १९८५मध्ये स्थापन झाली, तिचे सचिवालय काठमांडूत आहे, पण शिखर परिषद २०१४नंतर झालेलीच नाही. भारत-नेपाळपुरते बोलायचे तर १९९१चे बी. पी. कोइराला प्रतिष्ठान आहे आणि तिथे आम्ही अनुदानासाठी अर्ज करणारच आहोत. निर्णय कधी येईल हे आपल्या हातात नाही, म्हणून ती रक्कम अंदाजपत्रकात धरलेली नाही. मिळाली तर पुढच्या वर्षासाठी ठेवू.

नेपाळच का, असे काहींनी विचारले. भूतानला भारतीय प्रवाशाला माणशी रोज १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडते. १४ जणांच्या ८ रात्रींचे नुसते तेच १,३४,४०० रुपये होतात. श्रीलंकेला विमानाने किंवा थेट तमिळनाडूत जाऊन बोटीने जावे लागते. बांगलादेशच्या व्हिसाचा भरवसा २०२४नंतर उरलेला नाही. नेपाळला व्हिसा नाही आणि ग्वाल्हेर–बरौनी मेल थेट गोरखपूरला सोडते. (विष्णु दिगंबर पलुसकरांनी ग्वाल्हेरचे गाणे नेऊन १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरला. तिकडचा रस्ता सध्या बंद आहे, एवढेच.) युनेस्कोने २०२३मध्ये आपल्याला संगीतनगरी म्हटले; त्या पाटीचा उपयोग शहराबाहेरच्या मुलांना इथे बसवून शिकवण्यात आहे, असे आमचे मत आहे.

आता खर्च. तत्त्व एकच : प्रवास ज्याचा त्याने करायचा, राहणे-जेवणे यजमानाने पाहायचे आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला एक पैसाही पाठवायचा नाही. यामुळे दोन्हीकडचा हिशेब स्वच्छ राहतो.

डिसेंबरच्या फेरीत आपण यजमान. आठ दिवसांची मिनीबस, रोज ४,५०० प्रमाणे ३६,००० रुपये. दुपारचे जेवण पाहुणे, आपली मुले आणि कार्यकर्ते मिळून ३० जणांचे, माणशी १२० प्रमाणे रोज ३,६००, म्हणजे २८,८०० रुपये. दोन शिक्षकांच्या दोन खोल्या १९,२००. गुरुजनांच्या दहा बैठकींचे मानधन २०,०००. तालमीची जागा, ध्वनिव्यवस्था, तंबोऱ्यांची जवारी (घोडी घासून घेणे) आणि तबल्याच्या पुड्या (वरचे कातडे) १८,०००. दवाखाना आणि अपघात विमा १४,०००. छपाई आणि किरकोळ ६,०००. एकूण १,४२,०००.

मेच्या फेरीत आपण प्रवासी. ग्वाल्हेर–गोरखपूर जाऊन-येऊन थर्ड एसी, एका बाजूला १,२०० धरून ३३,६००. गोरखपूरला जाता-येता एकेक मुक्काम ८,४००. गोरखपूर ते सीमेवरचे सुनौली गाडी दोन्ही वेळची १४,०००. सीमेपलीकडे भैरहवा–काठमांडू बस २१,०००. वाटेतले चार दिवसांचे जेवण १६,८००. प्रवास विमा ८,४००. एकूण १,०२,२००. वर २५,८०० राखीव.

यातले २९,४०० रुपये प्रत्यक्ष नेपाळच्या भूमीवर खर्च होणार, म्हणजे तिकडची बस आणि निम्मे जेवण. धर्मादाय संस्थेने करसवलतीच्या देणग्या भारताबाहेर खर्च केल्या की आयकराच्या वेळी घोडे अडते. म्हणून हा भाग देणग्यांतून घेतलेला नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरून २,५०० रुपये, असे ३०,००० त्यासाठी वेगळे धरले आहेत. ज्या घराला ते झेपणार नाहीत, त्याचा वाटा कार्यकारिणीचे सभासद पदरचा, पावती न घेता भरतील. मुलाची निवड गाण्या-वाजवण्यावर होईल, पैशावर नाही. मंडळाच्या शिलकीतून ५०,००० मंजूर आहेत. उरतात १,९०,०००.

एखादी ठरावीक बाब उचलायची असेल तर दुपारच्या जेवणाचा एक दिवस ३,६०० रुपये, मिनीबसचा एक दिवस ४,५००, एका विद्यार्थ्याचे रेल्वेचे जाणे-येणे २,४००. यापेक्षा लहान रकमाही तितक्याच कामाच्या आहेत. शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे मात्र कृपा करून देऊ नका. ती उचलून न्यायला मुलांच्या हातात जागा नसते.

देणगी देताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. रोख २,०००च्या वर दिली तर देणगीवरची आयकर सवलत (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय बरे. ही सवलत जुन्या कररचनेत आहे, नव्या रचनेत नाही. केवळ तिच्यासाठी देणार असाल तर आधी तपासा. पॅन क्रमांक लिहून द्या, नाहीतर प्रमाणपत्र अडकते. तिसरी गोष्ट परदेशी असलेल्या लेकी-मुलांची. आपल्या मंडळाकडे परकीय योगदान कायद्याखालची, परदेशी देणगी घ्यायला लागणारी नोंदणी नाही. पुण्याहून बोस्टनला गेलेला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परकीय योगदान धरले जात नाही. पासपोर्टची प्रत सोबत हवी. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही त्याचे पैसे आपल्याला घेता येत नाहीत. ते इथल्या काकांच्या खात्यावर मागवून काकांच्या नावाने देण्याची युक्ती सुचवली गेली आहे. ती आम्हाला नको.

घरांविषयी. प्रत्येक घरी दोन विद्यार्थी, मुली मुलींच्या घरी. वेगळी खोली नसली तरी चालेल, दोन स्वतंत्र अंथरुणे आणि आतून कडी लागणारे स्नानगृह मात्र हवे. आठही दिवस घरात एक प्रौढ स्त्री हजर असावी. घरात राहणाऱ्या सर्व प्रौढांची यादी आम्ही घेऊ आणि पाहुण्यांची यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच ठेवू. यात कुणी अपमान मानू नये, अनोळखी मुलांच्या आईबापांना हे आपण देणे लागतो. सकाळी ९ला मुले बसथांब्यावर, रात्री साधारण ९ला परत. सकाळ-संध्याकाळचे जेवण यजमान घराचे.

नेपाळी घरांत सकाळी ९-१०च्या सुमारास पोटभर डाळ-भात, दुपारी हलका खाजा (म्हणजे फराळ) आणि संध्याकाळी पुन्हा डाळ-भात असा क्रम असतो. आपल्यासारखा सकाळी पोहे आणि एकला जेवण असा बेत ठेवला की मुले अकरा वाजता तालमीत भुकेने मान टाकतात. म्हणून घरून निघताना भातच वाढा. दुपारचे जेवण आम्ही हलके ठेवू. आग्रह एकदाच करावा. शेंगदाणे, तीळ यांची ॲलर्जी कुणाला आहे ते आम्ही आधी लिहून कळवू, कारण आपल्या चटणी-कोशिंबिरीत दाण्याचे कूट कुठे लपलेले असते हे पाहुण्याला कळत नाही.

तालमीतला वेळ बहुतेक वाया जातो तो सुरावरून. आपले मुलगे काळी एक-दोनला (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीला) गातात, मुली काळी चार-पाचला आणि बासरीवाला आपल्या बासरीच्या पट्टीत अडकलेला असतो. नेपाळी सारंगी चार तारांची, ती थोडी वर-खाली होते. बासरी होत नाही. म्हणून निमंत्रणासोबत प्रत्येकाची पट्टी विचारणारा तक्ता जाईल आणि बासऱ्या त्यानुसार मागवल्या जातील. बंदिशी भातखंडे लिपीत (स्वर लिहिण्याच्या पद्धतीत), महिनाभर आधी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र गायचे नाही, आधी दोन-दोनच्या जोड्या बसतील. तानसेन समारोह ऐकायला तीन संध्याकाळी राखून ठेवल्या आहेत.

मेमध्ये तंबोरा नेणार नाही. गवसणीने भोपळा वाचत नाही. बसच्या टपावरून उतरवताना तो चिरतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो. तिथे त्यांचे तंबोरे आहेत, प्रवासात इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरे. दोन जोड तबला-डग्गा आणि एक पेटी जाईल. सुनौलीला भारतीय कस्टमकडून वाद्यांची फोटोसह यादी शिक्का मारून घ्यायची, म्हणजे परतताना 'ही तिकडून विकत आणली का' हा प्रश्न येत नाही.

कागदपत्रांत गडबड होते ती नावांची. आधारवर वडिलांचे नाव मध्ये, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मतदार ओळखपत्रावर तिसरेच स्पेलिंग. जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणावे, नुसत्या आधारवर विसंबू नये. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. तो मार्चमध्येच घ्या, सुट्टीत शाळेत सही करायला कुणी नसते. सोबतचे शिक्षक सरकारी शाळेतले असतील तर परदेशी यजमानाचे आतिथ्य स्वीकारायला त्यांना केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. खात्याच्या ना-हरकत पत्राने ते काम भागत नाही.

पैशांचे सोपे आहे. १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३पासून तोच आहे. नेपाळसाठी बँक परकीय चलन देत नाही, लागतही नाही. १००च्या आणि त्याखालच्या नोटा न्याव्यात. काही दुकानांत आपले यूपीआय चालते, पण बसवाल्याला रोखच लागते. घरची मेडिक्लेम पॉलिसी बहुतेकदा सीमेपलीकडे लागू नसते, म्हणून वेगळा विमा धरला आहे. पत्रव्यवहारात तारखा दोन्ही पंचांगांच्या लिहाव्यात. तिकडे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

मे महिनाच का? जून ते सप्टेंबर दरडींचे दिवस. जुलै २०२४मध्ये नारायणघाट–मुग्लिन रस्त्यावर दोन बस दरडीसोबत त्रिशूली नदीत गेल्या. काठमांडूला आपली बस त्याच रस्त्याने जाते. म्हणून पावसाळा टाळला आहे आणि रात्रीची बस तर कोणत्याही महिन्यात नाही. गोरखपूरला मुक्काम, पहाटे निघून आठच्या आत सुनौली पार, मग दिवसाची बस. मेमध्ये गाड्या भरलेल्या असतात आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्या सकाळी पैसे हातात असावे लागतात. सीमेवर किंवा काठमांडूत काही बिघडले, जसे सप्टेंबर २०२५मध्ये तरुणांच्या आंदोलनात बिघडले होते, तर फेरी पुढे ढकलू. राखीव रकमेतला बराच भाग रद्द तिकिटांसाठीच आहे.

आता आपण काय करावे. आत्ता पैसे देऊ नका. मंडळाच्या कार्यालयात वचनपत्राचे छापील फॉर्म ठेवले आहेत. रक्कम, पॅन आणि कोणत्या बाबीसाठी ते लिहून ३१ ऑगस्टपर्यंत द्या. वचनांची बेरीज १,९०,००० झाली की सप्टेंबरात चेक आणि यूपीआय स्वीकारू. बेरीज झाली नाही तर फॉर्म फाडून टाकू आणि ललितपूरला तसे कळवू. अर्ध्या रकमेत अर्धी फेरी करणार नाही. घर देणाऱ्यांनी त्याच फॉर्मच्या मागे नोंद करावी, दोघी कार्यकर्त्या येऊन घर पाहून जातील. हिशेब दोन वेळा सूचनाफलकावर लागेल, जानेवारीत आणि जूनमध्ये, बिलांच्या प्रतींसह.

आपली,
युवा देवाणघेवाण समिती, मराठी मंडळ, लष्कर, ग्वाल्हेर