डहाणू-केळव्याच्या भरतीची वेळ नाशिकच्या पानावर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, होळकर पुलाखालून किती वाहते आहे, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागले, हे आपले दैनिक रोज छापते. त्यामुळे गोदाघाटावर गाडी कधी लावायची नाही, हे नाशिकच्या लहान मुलालाही कळते. मात्र ऑक्टोबरनंतर हीच नाशिककर कुटुंबे रविवारी त्र्यंबक-जव्हारमार्गे समुद्रावर निघतात, तेव्हा तिथे पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार याचा पत्ता त्यांना नसतो. माझी विनंती साधी आहे. हवामानाच्या चौकटीत केळवे आणि डहाणू या दोन ठिकाणांच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात.

याची निकड का आहे, ते आधी अंतरावरून सांगतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर आणि पुढे माहीम-केळवे हा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. डहाणू-बोर्डीला जायचे तर जव्हारहून कासा, चारोटीकडे वळायचे. घाट, वळणे आणि जव्हारला नाश्त्याचा थांबा धरून साडेचार तास लागतात. पहाटे साडेपाचला निघालात तर दहाच्या सुमारास वाळूवर पाय टेकतात. परतीला तेवढाच वेळ धरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तोरंगण घाट अंधारात उतरण्या-चढण्यासारखा नाही. म्हणून तीनला किनारा सोडायलाच हवा. तेव्हाही घाटात संधिप्रकाशच मिळेल. ‘सूर्यास्त बघून परत येऊ’ हा बेत एका दिवसात बसत नाही. तो बघायचा असेल तर मुक्काम करावा, हे माझे ठाम मत आहे.

म्हणजे हाती राहतात पाच तास, आणि त्या पाच तासांत समुद्र कोणत्या अवस्थेत असेल, यावर सगळी सहल ठरते. दिवसात दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसे याचे गणित तिथीवरून करतात: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे, चारने भागायचे, येतो तो भरतीचा तास. शुक्ल असो वा कृष्ण, तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. या सूत्राची वेळ मुंबईलाही खऱ्या भरतीच्या थोडी आधीचीच येते. पालघरच्या किनाऱ्यासाठी त्यात अर्धा ते एक तास मिळवावा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा), ते आणखी चुकते. सूत्रावर बेत आखता येतो, मूल पाण्यात सोडता येत नाही. त्यासाठी छापील वेळच हवी.

बेत आखायचा तर द्वितीया, तृतीया, चतुर्थी या तिथ्या सर्वांत सोयीच्या. भरती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पूर्ण होते. आपण पोहोचतो तेव्हा पाणी आत येत असते, साडेअकरा ते दीड डुंबता येते, मग जेवण आणि तीनला परत. द्वितीयेला पौर्णिमा-अमावास्येचे उधाण अजून ओसरलेले नसते, म्हणून सोबत लहान मुले असतील तर चतुर्थी बरी. ऐन पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या पुढेमागे पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढते, खेळायला वाळूच उरत नाही आणि जेवणानंतर पाण्यात उतरावे तर ओहोटी लागलेली असते. सगळ्यांत फसवी एकादशी-द्वादशी. भरती नऊ-साडेनऊला होऊन गेलेली असते. आपण दहाला पोहोचतो, पाणी जवळ आणि शांत दिसते, सगळे धावत सुटतात. पण ते पाणी बाहेर निघालेले असते. कंबरभर पाण्यात पाय सुटला की शरीर किनाऱ्याकडे येत नाही.

तिथ्या आठवड्याला साधारण सातने पुढे जातात. एक रविवार तृतीयेचा असेल तर पुढचा दशमीचा आणि त्यानंतरचा द्वितीयेचा येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक चांगला रविवार सापडला की एक सोडून पुढचा बहुधा चांगला निघतो.

पाणी चढण्याचा वेगही एकसारखा नसतो, आणि अपघात इथेच होतात. भरतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. खंबातच्या आखाताकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो; डहाणूकडे उधाणाला तो पाच मीटरच्या घरात जातो. मधल्या एका तासात सव्वा मीटर पाणी चढले आणि किनाऱ्याचा उतार शंभरात एक असला, तर पाण्याची रेषा तासात सव्वाशे मीटर आत येते, मिनिटाला दोन मीटर. त्यातही वाळू सपाट नसते. आधी मागचे सखल पट्टे भरतात, तुम्ही उभे असता तो उंचवटा कोरडाच राहतो आणि परतीच्या वाटेवर पाणी साचते. बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीत लांबवर शिंपले वेचत गेलेल्यांनी पाण्याकडे नाही, मागे बघत राहावे.

गाडीचेही तसेच. ओहोटीतली ओली वाळू डांबरासारखी कडक लागते, म्हणून लोक गाडी खाली नेतात. वरचा थर कडक असला तरी खाली गाळ असतो. उभ्या गाडीच्या वजनाने चाके हळूहळू रुततात, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खाली जातात, आणि भरती थांबत नाही. गाडी सुरूच्या बनामागे, रस्त्याच्या कडेलाच ठेवावी.

खाडीच्या तोंडाशी कधीच उतरू नये. केळव्याच्या दक्षिणेला दांड्याची खाडी आहे, डहाणूलाही खाडी आहे. ओहोटीत खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर पडते, तिथे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. उघड्या किनाऱ्यावर ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करावा.

कुटुंबासाठी पहिली पसंती केळव्याला द्यावी: सुरूचे बन, शितळादेवीचे मंदिर आणि पानवेलींच्या वाड्या जवळजवळ आहेत. जेवण घरगुती हवे असेल तर आदल्या दिवशी फोन करून माणसे सांगावीत. रविवारी ऐनवेळी ताट मिळणे अवघड. हिवाळ्यात इथल्या वाडवळ समाजाची उकडहंडी, म्हणजे हंडीतली कंद-भाज्यांची मिश्र भाजी, मिळाली तर सोडू नये. डहाणूचा किनारा खडकाळ आणि गाळाचा, तो फिरायला ठीक. अंघोळीला चौघांमागे वीस लिटरचा एक कॅन गोडे पाणी गाडीतच असू द्यावे.

भांगाचा रविवार आला म्हणून घरी बसायचे कारण नाही. अष्टमी-नवमीला दुपारी एकच्या सुमारास पाणी दूर असते, तेव्हा शिरगावचा किल्ला बघावा. तटावरून समुद्र दिसतो आणि आवारात फांद्या फुटलेला रावणताड आहे, मुलांना तो मुद्दाम दाखवावा. तिथून सातपाटी जवळ. इथल्या पापलेटाची ख्याती आहे आणि 2023 मध्ये पापलेट हा राज्यमासा घोषित झाला. मासळी नाशिकपर्यंत आणायची तर तिथेच साफ करून घ्यावी, मासळीच्या वजनाइतका फोडलेला बर्फ घ्यावा, खाली एक थर, वर एक थर, आणि वितळलेले पाणी जव्हारला ओतून टाकावे. मासळी त्या पाण्यात भिजत राहिली की नरम पडते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात ‘ताजे’ म्हणून जे मिळेल ते नीट तपासून घ्यावे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाटेत कडक फळ घ्यावे, घरी कागदात चार-पाच दिवसांत पिकते. पिकलेले फळ घाटातल्या हिसक्यांनी डागाळते.

जून ते सप्टेंबर ही सहल करूच नये. समुद्र खवळलेला आणि घाटात दरडीची भीती. पावसानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जेलीफिशही किनाऱ्याला लागतात, तेव्हा मुलांना पाण्यात उतरवण्याआधी ओल्या रेषेवर एक चक्कर मारावी.

आता मागणी पुन्हा नेमकी सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि हैदराबादचे इन्कॉइस हे महासागर माहिती केंद्र उंच लाटांचे इशारे देते. यावरून ऑक्टोबर ते मे, दर शुक्रवारी, पुढच्या शनिवार-रविवारसाठी चार ओळी पुरेत: ठिकाण, भरतीची वेळ आणि मीटरमध्ये उंची, ओहोटीची वेळ, इशारा असल्यास तो. शुक्रवारी छापून आले तर शनिवारी गाडीत पेट्रोल भरण्याआधी घरात ठरवता येईल, या रविवारी निघायचे की पुढच्या.

आपला,
एक नियमित वाचक
गंगापूर रोड, नाशिक